वसईचा भग्न किल्ला : आराखडा, पत्र आणि शिळाछाप

भाईंदरच्या किनाऱ्यावर उभे राहून खाडीपलीकडे पाहिले असता वसईचा किल्ला फारसा दिसत नाही. दिसते ती ताडामाडांची दाट रेघ, पाण्यालगतचा काळसर तट आणि मचव्यांच्या काठ्या. असे असूनही वसईचा किल्ला म्हटले की वाचकाच्या मनात एक ठरलेले चित्र उभे राहते. छप्पर उडालेले देऊळ नव्हे, तर छप्पर उडालेले चर्च. त्याची उंच दर्शनी भिंत, रिकाम्या कमानीतून डोकावणारे आकाश, सांध्यांतून शिरलेली पिंपळाची मुळे. हे चित्र मार्गदर्शिकांत, दिनदर्शिकांत, चित्रपटांतील गाण्यांच्या पार्श्वभूमीवर इतक्या वेळा येऊन गेले आहे की तेच किल्ल्याचे रूप मानले जाते. वास्तविक ते एका विशिष्ट काळात, विशिष्ट तंत्राने आणि विशिष्ट भावस्थितीतून सिद्ध झालेले रूप आहे. त्यापूर्वी किल्ला वेगळ्या प्रकारे रेखाटला जात होता, आणि त्या वेगळ्या रेखाटनात काही निराळ्याच गोष्टी दिसत व काही निराळ्याच लपत. वसईच्या वास्तूचे ज्ञान ज्या चित्रांवर व वर्णनांवर उभे आहे, त्या चित्रांच्या रीती तपासल्याशिवाय त्या ज्ञानाची मर्यादा कळणे शक्य नाही.

घटनांचा सांगाडा थोडक्यात असा. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ मध्ये तहान्वये वसई व भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. १५३६ च्या सुमारास बालेकिल्ल्याचे काम सुरू झाले. पुढे त्याच्याभोवती नगर वाढले आणि नगराभोवती बुरूजबंद तट आला. चिमाजी आप्पाच्या सैन्याने मे १७३९ मध्ये किल्ला घेतला. १७८० च्या डिसेंबरात जनरल गॉडर्डने तोफांचा मारा करून तो इंग्रजांसाठी जिंकला, १७८२ च्या सालबाईच्या तहाने तो पेशव्यांकडे परत आला आणि पेशवाईच्या अखेरीस कायमचा इंग्रजांकडे गेला. दोनशे वर्षे पोर्तुगीज, ऐंशीच्या आसपास वर्षे बहुतांशी मराठे, आणि त्यानंतरचा दीर्घ रिकामा काळ. चित्रांच्या दृष्टीने मात्र ही वाटणी अगदी निराळी आहे. पहिल्या आणि तिसऱ्या काळाची चित्रे आहेत. मधल्या काळाची जागा जवळजवळ कोरी आहे. ही कोरी जागा कशी निर्माण झाली, हाच येथे प्रश्न आहे.

वसईच्या पोर्तुगीजकालीन रेखाटनांपैकी सर्वांत महत्त्वाचे रेखाटन १६३५ चे. गोव्यातील दप्तराचा रक्षक आणि इतिवृत्तकार आंतोनियो बोकारो याने राजाज्ञेवरून पूर्वेकडील सर्व पोर्तुगीज किल्ले, शहरे व वस्त्या यांचा एक ग्रंथ सिद्ध केला. त्यातील रंगीत आराखडे पेद्रो बार्रेतो द रेझेंद याचे. हा रेझेंद व्हाइसरॉय लिन्यारिश याचा चिटणीस होता. स्थापत्य हा त्याचा व्यवसाय नव्हे. एव्होरा येथील हस्तलिखितात असे ४८ आराखडे आहेत, आणि ते एकत्र पाहिले की त्यांची एक समान रीत ध्यानात येते. तट वरून पाहिल्यासारखा, जाड पट्टीने काढायचा. बुरुजांची टोके स्पष्ट करायची. आतली चर्चे व घरे मात्र समोरून पाहिल्यासारखी, उभी मांडायची. एकाच कागदावर दोन नजरा नांदतात. अंतराचे प्रमाण बहुधा पाळलेले नसते. तट भूमीच्या मानाने प्रचंड मोठा होतो आणि भोवतालची शेते, खाजणे, कोळीवाडे हिरव्या-निळ्या रंगाच्या फिकट पसाऱ्यात विरून जातात.

या रीतीला अकुशल म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण ते चुकीचे ठरेल. आराखडा जे सांगण्यासाठी काढला होता ते तो नेमके सांगतो. दूर माद्रिदमध्ये बसलेल्या राजाला आपल्या ताब्यात काय आहे हे कळावे, इतकाच त्याचा हेतू होता. ताब्याचे चिन्ह म्हणजे तट. म्हणून तट अखंड. त्यात कोठे ढासळलेला भाग नाही, चुना सुटलेला नाही, झाड उगवलेले नाही. १६१८ च्या भयंकर वादळाने वसईला तडाखा दिला होता आणि आराखडा काढला गेला तो त्यानंतर सतरा वर्षांनी. पण या शैलीत वादळाला स्थानच नाही. काळ जिच्यावर काम करतो अशी वस्तू म्हणून किल्ला येथे कल्पिलेलाच नाही. बोकारोचा मजकूर मात्र घरे, शस्त्रे, उत्पन्न, धान्य यांच्या हिशेबात शिरतो आणि त्या हिशेबात उणिवाही येतात. मजकूर काळजी करतो, चित्र निश्चिंत राहते. एकाच ग्रंथात शब्द व रेषा यांच्यात अशी फट पडावी हे सतराव्या शतकातील साम्राज्यांच्या कागदपत्रांत अपवादात्मक नाही, पण वसईच्या अभ्यासकांनी शब्द बाजूला ठेवून बहुधा चित्रच उचललेले दिसते.

त्या चित्राचा पुढचा प्रवास अधिक बोधप्रद आहे. मानुएल द फारिया ई सौझा याच्या पोर्तुगीज आशियावरील ग्रंथाचे खंड लेखकाच्या मृत्यूनंतर १६६६ ते १६७५ या काळात छापले गेले, आणि त्यातील किल्ल्यांची ताम्रमुद्रिते रेझेंदच्या परंपरेतीलच आहेत. हस्तलिखितातले पाणी निळे होते, छपाईत ते आडव्या रेघांचे झाले. रंगांनी जो भूभाग निदान सुचवला जात होता तो कोरा पडला. नकलेची नक्कल करताना कोरीव काम करणारा जे ओळखतो ते ठळक करतो आणि जे ओळखत नाही ते गाळतो. बुरूज त्याला ओळखता येत होते. मिठागर व खाजण यांतला फरक त्याला कळण्याचे कारण नव्हते. अशा रीतीने युरोपीय वाचकापर्यंत जी वसई पोचली ती कोणत्याही समुद्रकाठी ठेवता आली असती. तिच्यात वसईचे म्हणून जे होते, म्हणजे तिन्ही बाजूंचे पाणी व चिखल आणि उत्तरेची एकच कोरडी बाजू, ते या छापांत जवळजवळ अर्थहीन झाले. तट चहूकडे सारखाच बळकट दिसतो. किल्ल्याचे भवितव्य मात्र त्या एका बाजूवरच ठरायचे होते.

त्याच शतकातील इंग्रज वैद्य जॉन फ्रायर १६७५ मध्ये मुंबईहून होडीने खाडीतून वसईकडे गेला. त्याचे प्रवासवर्णन १६९८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या वाटेवर घोडबंदर लागले. तेथील टेकडीवरचे एका पोर्तुगीज जमीनदाराचे आलिशान घर त्याने वर्णिले आहे. फ्रायरची नजर होडीत बसलेल्या माणसाची आहे. त्याला वास्तू पाण्याच्या पातळीवरून, एकामागून एक, वळणावळणाने दिसतात. आराखड्यात वसई एकटी असते. फ्रायरच्या वर्णनात ती घोडबंदर, ठाणे आणि साष्टीची गावे यांच्या माळेतला एक मणी असते. वसईचा किल्ला खाडीच्या दोन्ही तीरांवरील वस्त्यांशी मिळून एक रचना होता, ही गोष्ट चित्रकारापेक्षा या होडीतल्या प्रवाशाला अधिक उमगली होती.

मराठ्यांनी किल्ल्याची चित्रे काढून ठेवली नाहीत असे म्हणण्याचा प्रघात आहे. रेषेच्या अर्थाने ते स्थूलमानाने खरे मानले, तरी किल्ल्याचे रूप त्यांनी शब्दांत नोंदवले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेल्या पेशवे दप्तरातील निवडक कागदांचा सोळावा खंड वसईच्या मोहिमेला वाहिलेला आहे. द. ब. पारसनीस यांनी ब्रह्मेंद्रस्वामींच्या चरित्राबरोबर छापलेली पत्रेही आहेत. या कागदांतली वसई म्हणजे बुरूज, खंदक, मोर्चे, सुरुंग आणि खिंडार. कोणता बुरूज कोणाच्या मोर्चासमोर आहे, सुरुंग कोठवर पोचला, बार उडाल्यावर तटाला वाट पडली की नाही, फिरंग्यांनी ती वाट लाकडे व माती टाकून कशी बुजवली, अशा तपशिलांतून किल्ला आकार घेतो. हे वास्तुवर्णनच आहे. फरक इतकाच की ते बाहेरून आत पाहणाऱ्याचे आहे, आणि त्याला भिंतीच्या सौंदर्यापेक्षा तिच्या जाडीची चिंता आहे. सेबास्तियन संताच्या बुरुजाला पडलेले खिंडार हे मराठी पत्रांतले वसईचे केंद्रस्थान आहे. चर्चांचे मनोरे तेथे नाममात्र.

मराठी पत्रांत तट फोडण्याजोगा आहे, पोर्तुगीज आराखड्यात तो अभेद्य आहे. दोन्ही रेखाटने तटाविषयीच बोलतात आणि दोघांचाही प्रश्न सत्तेचा आहे. यापैकी एकातही भग्नता नाही. खिंडार म्हणजे भग्नावशेष नव्हे. खिंडार पडते त्या क्षणी ते बुजवण्याची किंवा त्यातून शिरण्याची घाई असते. त्याकडे स्वस्थपणे पाहत बसण्यासाठी ते निरुपयोगी व्हावे लागते. भग्नतेचे चित्र या स्वस्थतेतून जन्माला येते.

मग वसई भग्न कधी झाली? प्रचलित समजूत अशी की १७३९ मध्ये. शरणागतीच्या कलमांनी किल्ल्यातील लोकांना मालमत्तेसह निघून जाण्यासाठी आठ दिवसांची मुदत दिली, नगर ओस पडले, आणि तेव्हापासून त्याचे अवशेष झाले, असे सांगितले जाते. पोर्तुगीज नगराचा शेवट त्या वर्षी झाला हे खरेच आहे. किल्ला मात्र वापरात राहिला. त्याला बाजीपूर असे नाव दिले गेले, कारभार चालू राहिला, आत वज्रेश्वरी व नागेश्वर यांची देवळे उभी राहिली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला तह ज्या वसईत झाला, ती कोणा चित्रकाराची एकांतभूमी नव्हती. पेशव्याने पुण्याहून पळून जेथे आश्रय घेतला ते एक राबते ठाणे होते.

येथे भूगोलाची एक बाब विचारात घ्यावी लागते. इंग्रजांनी १७७४ मध्ये साष्टी घेतली ती सालबाईच्या तहानंतरही त्यांच्याकडेच राहिली. म्हणजे सुमारे पस्तीस वर्षे भाईंदर व घोडबंदरचा काठ इंग्रजांचा आणि समोरची वसई मराठ्यांची, अशी स्थिती होती. मधली खाडी ही राज्यांची सीमा होती. नेमक्या याच काळात मुंबईभोवती इंग्रज चित्रकारांची वर्दळ सुरू झाली. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स पुण्यास चार्ल्स मॅलेटच्या आश्रयाने काम करून साष्टीतील लेणी रेखाटू लागला आणि त्याच कामात आजारी पडून १७९५ मध्ये वारला. त्याच्या वेरूळच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने १८०३ मध्ये प्रसिद्ध चित्रावली काढली. वेल्सबरोबर पुण्याचा गंगाराम तांबट काम करीत होता. लेण्यांची मापे घेऊन, सावल्या देऊन, यथार्थदर्शनाची पाश्चात्त्य रीत आत्मसात करून चित्रे काढणारा तो मराठी चित्रकार. म्हणजे मराठ्यांच्या राज्यात वास्तू रेखाटणारा कुशल हात नव्हता असे मुळीच नाही. त्या हाताला वसईकडे वळवण्याचे कारण कोणालाही नव्हते. इंग्रजांच्या लेखी लेणी ही प्राचीन, परक्या धर्माची व म्हणून कुतूहलाची वस्तू. खाडीपलीकडचा किल्ला हा शेजारच्या दरबाराचा लष्करी तळ. मराठ्यांच्या लेखी तो आपलाच एक किल्ला. वापरातल्या वस्तूचे चित्र काढण्याची गरज मालकाला सहसा वाटत नाही. पोर्तुगीज राजाला ती वाटली, कारण तो मालक तेथून हजारो कोसांवर होता.

या मौनाला पहिला तडा जातो तो १८२५ मध्ये, बिशप रेजिनल्ड हीबर वसईला आला तेव्हा. त्याचे प्रवासवृत्त त्याच्या मृत्यूनंतर १८२८ मध्ये छापले गेले. तोवर पेशवाई संपून सात वर्षे झाली होती. हीबरला तटाच्या आत वस्ती आढळली नाही. शिपायांचा लहानसा पहारा आणि छप्परे नसलेली चर्चे व घरे आढळली. चर्चे त्याला वास्तुकला म्हणून फारशी थोर वाटली नाहीत, पण भारतात युरोपीय धाटणीचे अवशेष पाहण्याचा अनुभव त्याला विलक्षण व उदास वाटला. पुढे भग्न वसईविषयी जे जे लिहिले गेले त्याचा सूर येथे प्रथम लागतो. तथापि हीबरच्या वर्णनात आणखी एक तपशील आहे, जो नंतरच्या लेखकांनी सहसा उचललेला नाही. त्या सगळ्या पडझडीत एक लहानसे हिंदू देऊळ चांगल्या स्थितीत असल्याचे तो नोंदवतो. उदासीच्या चित्रात हे देऊळ बसत नाही. ते भग्न नाही, मोठे नाही आणि गतवैभवाचे स्मारकही नाही. प्रामाणिक प्रवाशाने ते लिहून ठेवले इतकेच. चित्रपरंपरेने ते वगळले.

ही परंपरा पक्की झाली ती १८७६ मध्ये. मूळचे गोव्याचे, मुंबईत वैद्यकी करणारे विद्वान जोझे गेर्सन द कुन्हा यांनी चौल व वसई यांच्या इतिहासावर व पुरावशेषांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि त्यात छायाचित्रे व शिळाछापाच्या पाट्या घातल्या. वसईवरील हा पहिला साधार ग्रंथ. पुढे १८८२ मध्ये आलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरने वसईचे वर्णन करताना त्याचाच मुख्य आधार घेतला. द कुन्हांचे श्रम असामान्य आहेत. तुटलेल्या थडग्यांवरचे लेख त्यांनी वाचले, प्रत्येक चर्चची स्थापना, जीर्णोद्धार, पंथ यांची नोंद केली. सेंट जोसेफच्या प्रमुख चर्चचा जीर्णोद्धार आर्चबिशप आलेशो द मेनेझिश याच्या काळात १६०१ मध्ये झाला, हे तेथील दगडावरून ताडून पाहता येते. दप्तर आणि दगड एकत्र वाचण्याची ही रीत वसईच्या अभ्यासाला त्यांनी दिली.

याच ग्रंथात मजकूर आणि चित्र यांच्या कामाची वाटणीही पाहावयास मिळते. शिलालेख व राजचिन्हे ही रेषेने सांगण्याची गोष्ट. शिळाछापावर अक्षराची कड स्वच्छ उमटते, झिजलेले अक्षर जाणत्या हाताने पुरे करता येते. वास्तू मात्र छायाचित्राच्या वाट्याला आली. छायाचित्राला उजेड लागतो, मोकळी जागा लागते, आणि एका ठिकाणी उभे राहून एकच बाजू पाहावी लागते. अशा यंत्रासमोर चर्चचा दर्शनी भाग जितका अनुकूल, तितका तट प्रतिकूल. साडेचार किलोमीटरच्या घरात जाणारा, दहा-अकरा बुरुजांचा, झाडीने झाकलेला तट कोणत्याही एका जागेवरून पुरा दिसत नाही. जेझुइटांच्या चर्चचे खोबणीदार स्तंभांचे प्रवेशद्वार पूर्ण दिसते, आणि सुंदर दिसते. रेझेंदच्या कागदावर तटच सर्वस्व होता व चर्चे त्यात खेळण्यासारखी उभी होती. १८७६ नंतर चर्च हेच सर्वस्व झाले आणि तट पार्श्वभूमीला गेला. किल्ल्याचे नगर झाले, नगराचे पुन्हा चर्च झाले. हा बदल किल्ल्यात घडलेला नाही; तो पाहण्याच्या साधनात घडला.

या बदलाला एक साधे भौतिक कारणही आहे. १८६४ मध्ये बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे खाडी ओलांडून मुंबईला जोडली गेली. त्याआधी प्रवासी होडीने, पाण्याच्या बाजूने येत. रेल्वेनंतर तो वसईरोड स्थानकावर उतरून जमिनीच्या दरवाजाने आत येऊ लागला. पाण्यावरून येणाऱ्याला प्रथम तट व सागरी दरवाजा दिसतो आणि किल्ला म्हणजे अडथळा हे त्याला न सांगता कळते. जमिनीकडून येणारा दरवाजाच्या वळणातून सरळ नगरात शिरतो, आणि झाडीतल्या वाटेने एकामागून एक चर्चे पाहत जातो. सहलीचा हा क्रमच पुढे मार्गदर्शिकांचा क्रम झाला. ब्राझ फर्नांडिस यांची १९४१ ची इंग्रजी मार्गदर्शिका अभ्यासपूर्ण आहे यात शंका नाही, पण तिच्या शीर्षकातही किल्ला हा शब्द नाही, अवशेष हा आहे.

आता या चित्रांतील भग्नतेकडे वास्तूच्या दृष्टीने पाहू गेल्यास काय आढळते? वसईच्या बहुतेक चर्चांची रचना अशी की मुख्य वेदीच्या भागावर दगडी कमानदार छत आणि सभामंडपावर लाकडी आढ्याचे कौलारू छप्पर. वापर थांबल्यावर लाकूड प्रथम जाते. कोकणच्या पावसात कौल सरकले की आढे कुजते, आणि कामाचे लाकूड कोणी तसेच राहू देत नाही. म्हणून सभामंडप उघडे पडले. वेदीवरील छते, उदाहरणार्थ फ्रान्सिस्कनांच्या चर्चमधली, बऱ्याच अंशी टिकली. समोरून काढलेल्या चित्रात हा भेद हरवतो. पाहणाऱ्याला वाटते की एका प्रचंड आघाताने दगडी वास्तू फुटली. खरे पाहता दगड जागेवर आहे. गेले आहे ते लाकूड, कौल, गिलावा आणि रंग. वसईची चर्चे पांढऱ्या गिलाव्याची व आतून रंगवलेली, सोनेरी लाकडी वेद्यांची होती. आज भग्न वसईचे म्हणून जे काळे, खडबडीत, उदात्त सौंदर्य वाखाणले जाते ते त्या वास्तूंनी त्यांच्या आयुष्यात कधीच धारण केले नव्हते.

आघात झालेच नाहीत असे नव्हे. परंतु आघात दोन होते. १७३९ च्या सुरुंगांनी उत्तरेचा तट उडाला, आणि १७८० मध्ये गॉडर्डच्या तोफांनीही त्याच जमिनीच्या बाजूने मारा केला. दोन वेढ्यांच्या मधल्या चाळीस वर्षांत मराठ्यांनी तटाची डागडुजी केली असणार, अन्यथा गॉडर्डला अवजड तोफांनिशी वेढा घालण्याची गरज पडती ना. छायाचित्राला हे थर वेगळे करता येत नाहीत. त्याच्यासमोर असते ती एकच पडकी भिंत, आणि तिच्याखाली एकच साल लिहिण्याचा मोह होतो. ते साल नेहमी १७३९ असते.

घंटांचे उदाहरण याहून बोलके आहे. वसईच्या मनोऱ्यांच्या रिकाम्या कमानी हा भग्नचित्राचा आवडता विषय. त्या कमानींतल्या घंटा मात्र नष्ट झालेल्या नाहीत. मोहिमेतून परतलेल्या सरदारांनी त्या देवळांना वाहिल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची १७२१ सालची घंटा आणि भीमाशंकराची घंटा ही त्यांतली सुप्रसिद्ध. वसईच्या वास्तूचा एक भाग अशा रीतीने घाटावर गेला आणि तेथे तो भग्न नाही, पूजाव्यवहारात आहे. चित्राच्या चौकटीत पोकळी दिसते. पोकळीचे दुसरे टोक चौकटीबाहेर दोन घाट ओलांडून आहे. एका समाजाच्या लेखी ही लूट आणि दुसऱ्याच्या लेखी विजयचिन्ह, हा वाद येथे सोडवण्याचे कारण नाही. वास्तू आहे तेथेच पडून राहते ही भग्नचित्राची मूळ धारणाच येथे कोसळते, हे महत्त्वाचे.

ऑस्ट्रियन कलेतिहासकार आलोइस रीगल याने १९०३ मध्ये स्मारकांच्या आधुनिक पूजेविषयी लिहिताना दोन मूल्यांतला विरोध दाखवला. ऐतिहासिक मूल्य मानणाऱ्याला वास्तूची मूळ अवस्था हवी असते. जीर्णतामूल्य मानणाऱ्याला काळाची झीज हवी असते. एकाला पिंपळ काढून टाकायचा असतो, दुसऱ्याला तो ठेवायचा असतो. वसईच्या बाबतीत या दोन मूल्यांनी विरोध करण्याऐवजी संगनमत केलेले दिसते. द कुन्हांचा ग्रंथ हा गतवैभवाचा शोक आहे. य. न. केळकर यांचे मोहिमेवरील पुस्तक १९३७ चे, मोहिमेला दोनशे वर्षे झाली त्या निमित्ताचे. ते विजयाचे स्मरण आहे. भूमिका परस्परविरुद्ध, पण दोघांच्याही लेखी वसईचा इतिहास १७३९ पाशी संपतो. शोक करणाऱ्याला त्यापुढचे काही नको असते, कारण पुढे फक्त पडझड. विजय साजरा करणाऱ्यालाही नको असते, कारण जिंकलेल्या किल्ल्याचा कारभार, दुरुस्ती, महसूल, १७८० चा पराभव आणि १८०२ ची शरणागत सही या गोष्टी जयघोषात बसत नाहीत. छप्पर नसलेल्या चर्चचे चित्र दोघांनाही चालते. एक त्यात आपली हानी वाचतो, दुसरा आपला पराक्रम.

भग्नचित्र नेहमीच असे निष्क्रिय असते असे मात्र समजू नये. जेम्स डग्लस या लेखकाने १८८३ च्या आपल्या मुंबईवरील पुस्तकात रायगडावरील शिवाजी महाराजांच्या समाधीची दुरवस्था वर्णिली. ते वर्णन मराठी वाचकांच्या जिव्हारी लागले, आणि १८९५ मध्ये टिळकांनी चालवलेल्या जीर्णोद्धाराच्या निधीपर्यंत त्याचा माग काढता येतो. तेथेही उगवलेले गवत होते, ढासळलेले दगड होते. फरक असा की रायगडचे अवशेष पाहणाऱ्या समाजाला ते आपले वाटत होते आणि म्हणून असह्य होते. वसईचे अवशेष घाटावरच्या वाचकाला जिंकलेले वाटले, म्हणून सुसह्य. वसईतील ख्रिस्ती समाजाचे त्यांच्याशी असलेले नाते या चित्रांच्या रसिकांनी विचारातच घेतले नाही. याच गावचा गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला हुतात्मा झाला आणि पुढे संत ठरला. त्याच्या नावाने किल्ल्यात आजही भाविक जमतात. चित्रातली निर्जनता हीदेखील अशी चित्रकाराने पत्करलेली आहे.

शेवटी खाडीच्या दक्षिण काठाकडे वळले पाहिजे. धारावी बेट व घोडबंदर हे आज मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत येतात. १७३७ ते १७३९ या काळात दोन्ही ठिकाणांसाठी झुंजी झाल्या, कारण धारावी हाती असल्याखेरीज वसईला समुद्रावरून येणारी रसद तोडता येत नव्हती. पेशवे दप्तरातील पत्रांत धारावीचे महत्त्व वसईच्या खालोखाल आहे. पण या किल्ल्यांना ना रेझेंद लाभला ना द कुन्हा. घोडबंदर फ्रायरच्या शब्दांत थोडेसे उरले. तेथील पोर्तुगीज वास्तूचा इंग्रज अमदानीत अधिकाऱ्यांच्या बंगल्यासाठी वापर झाला, म्हणजे ती भग्न होण्याऐवजी बदलत गेली, आणि बदलत जाणाऱ्या वास्तूकडे चित्रकार वळत नाही. धारावीच्या तटाचे तर थोडेच दगड उरले आहेत. वसईच्या बांधकामातला घडीव दगड ज्या खाणींतून येई त्यांत या बेटावरच्या खाणी होत्या. वसईचा दगड म्हणून तो इतका नावाजला की गोव्याच्या बॉम जेझुस चर्चच्या दर्शनी कोरीव कामासाठीही तो नेला गेला. म्हणजे जी दर्शनी भिंत छायाचित्रांनी अजरामर केली तिचा पदार्थ खाडीच्या अलीकडचा, आणि ज्या टेकड्यांतून तो निघाला त्यांचे एकही प्रसिद्ध चित्र नाही.

गेल्या काही वर्षांत घोडबंदरच्या किल्ल्याची डागडुजी हाती घेतली गेली आहे. वसईतही पुरातत्त्व खात्याचे काम अधूनमधून चालू असते. अशा कामात नवी भिंत कोठवर चढवायची, कमान पुरी करायची की तुटकी ठेवायची, गिलावा द्यायचा की दगड उघडा ठेवायचा, हे प्रश्न रोजचे असतात. वसईत याचे उत्तर शोधताना जुने छायाचित्र समोर ठेवले जाते आणि १८७६ ची पडझड हीच मूळ अवस्था ठरते. मराठ्यांनी मागाहून घातलेला विटांचा किंवा बेताच्या दगडांचा थर त्यात उपरा ठरण्याचा धोका असतो. घोडबंदरला समोर ठेवण्यासाठी तसे छायाचित्रही नाही. तेथे गवंड्याला आधार आहे तो पायाच्या रेषेचा, भिंतीत उरलेल्या चुन्याचा, आणि होडीतून जाताना साडेतीनशे वर्षांपूर्वी एका वैद्याने टेकडीवर जे पाहिले त्या काही ओळींचा.